आकाशपाळण्याचा मालक

बहिरम, १७ डिसेंबर २०२४

तीर्थरूप वहिनींस, साष्टांग नमस्कार. विशेष आधी लिहितो, विनंती शेवटी.

पाळण्याचा मधला आस अर्धा वर गेला होता. चार माणसं दोराला लटकली होती, इंजिनवाले शेषराव खालून शिव्या देत होते, आणि सरकारी इंजिनिअर जीपमधून उतरले. म्हणे, काम थांबवा. मी म्हटलं, साहेब, आस अर्ध्यात थांबत नाही. म्हणे, मग मालकाले बोलवा. मी म्हटलं, बोला. त्यांनी फाइल उघडली. मालकाच्या जागी गगनविहार मनोरंजन प्रायव्हेट लिमिटेड, अमरावती, असं होतं. म्हणे, ही कंपनी कुठं हाय. मी म्हटलं, वारली.

खोटं काय सांगितलं? गेल्या जानेवारीत याच मैदानावर आपलं वाजलं. तुम्ही म्हणालात, कंपनी बंद करा. मी म्हटलं, करा. दोघंच संचालक. कंपनीच्या उभ्या आयुष्यात आपलं पहिल्यांदा एकमत झालं आणि त्यातच ती गेली. सप्टेंबरात कागद आला की नाव रजिस्टरातून काढलं, कंपनी विसर्जित. तुम्ही तेव्हा अकोल्यात लेकीकडे. मी मात्र रीतीनं वागलो. तेराव्या दिवशी वलगाव रोडवरच्या माझ्या वावरात पाळण्याच्या सगळ्या माणसांना रोडगे आणि वांग्याची भाजी घातली. शेषरावांनी इंजिनाला हार घातला. दोघांनी भाषण केलं. एक जण रडला, पण त्याला आधीपासून सर्दी होती.

इंजिनिअर आधी हसले. मग हसायचे थांबले, ते मला आवडलं नाही. म्हणाले, पाळणा तपासून दाखला द्यायचा तो मालकाला. मालक कंपनी. कंपनी नाही. म्हणजे दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय पाळणा फिरणार नाही. वर म्हणाले, ज्याचा मालक गेला आणि वारस नाही, ते सरकारचं. मी आसाकडं पाहिलं. मले तर तो आतापासूनच सरकारी दिसून राहिला.

आस शेवटी खाली घेतला. यात्रा तीन दिवसांवर आहे.

विनंती अशी की तुमच्या लेकीला, पौर्णिमाला विचारावं. तिचं कामच कंपन्यांचं. फोन केला असता, पण तुमचा नंबर जानेवारीपासून व्यस्त आहे. पाळण्यावरून उतरताना तुम्ही म्हणाला होतात की यापुढं जे असेल ते लेखी. हे लेखी.

लोभ असेल तर वाढवावा. नसेल तर तेही लेखी कळवावं.

आपला दीर,
खुशाल


अकोला, २४ डिसेंबर २०२४

श्री. खुशालभाऊजींस, कौशल्याचे आशीर्वाद. मोजके.

पत्र मिळालं. तेराव्यापर्यंत वाचून पौर्णिमा हसून हसून खुर्चीवरून उठली. पुढचा परिच्छेद वाचून परत बसली.

तिनं मला समजावलं, ते तुम्हाला समजेल अशा भाषेत लिहिते. कंपनी म्हणजे तुम्ही नाही, मी नाही. ती वेगळीच व्यक्ती. तुम्ही आणि तुमचे दादा, दोघांनी मिळून पाळणा बनवला हे खरं. पण कंपनी काढली तेव्हा तुम्ही तो तिला देऊन टाकला आणि बदल्यात शेअर घेतले. त्या दिवसापासून पाळणा तुमचा नाही, त्यांचा नाही, आणि ते गेल्यावर त्यांच्या जागी मी आले तरी माझाही नाही. तो तिचा. ती जिवंत असतानाच तिच्या वस्तू वाटून घ्यायच्या असतात. आपण वाटल्या नाहीत. आता आपण तिचे वारस लागत नाही. तिचं तेरावं घातलं तरी लागत नाही.

आणखी ऐका. तिचं बँकेतलं खातं गोठलं. गेल्या यात्रेत मंडपवाल्याच्या ट्रकनं आपला लाल डबा चेपला, त्याच्यावर दावा लावायचा होता. तोही लावता येणार नाही, कारण दावा लावणारी उरली नाही. आपल्या संचालक म्हणून ज्या जबाबदाऱ्या, त्या मात्र मेल्या नाहीत. मी म्हटलं, अगं, हे तर सासरच झालं. पौर्णिमा म्हणाली, आई, हसू नको, तुम्ही दोघांनी शपथेवर लिहून दिलंय की कंपनीकडं काहीही नाही.

सी. ए. साहेबांनी तुम्हालाही विचारलं होतं ना, कंपनीची काही वस्तू आहे का म्हणून? एवढा चार मजली पाळणा तुम्हाला आठवला नाही? मी काय सांगितलं ते विचारू नका.

यंदा पाळणा लागणार नाही. तुम्हाला वाईट वाटत असेल. मला वाटत नाही. मी इतक्या वर्षांत एकदा त्यात बसले. तुम्ही मला वर अडकवून खाली चहा पीत होता. बहिरमची अख्खी यात्रा मला पाहत होती. मी वरून हाका मारत होते आणि लोकांना वाटलं, बाई मजेत आहे.

लोभाचा विषय सभेपुढं आहे. सभा कधी, ते ठरलं नाही.

कौशल्या


अमरावती, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप वहिनींस, सरकारी नोकराचा साष्टांग नमस्कार.

नोकरच म्हणायचं. तहसिलातून माणसं आली. पंचनामा झाला. पाळण्याचा एकेक डबा, एकेक पाती मोजली. लाल डबा चेपलेला आहे हेही लिहून घेतलं. मग विचार पडला की एवढा माल ठेवायचा कुठं. त्यांच्याकडे जागा नाही. शेवटी मलाच सुपूर्दनामा लिहून दिला. म्हणजे पाळणा सरकारचा, वावर माझं, राखणदार मी. पगार विचारला. त्यांनी चहा पाजला.

आसाला ग्रीस लावायचं होतं. हिवाळ्यात लावलं नाही तर गंज धरतो. मी विचारलं, लावू का? तहसिलातला बाबू म्हणे, सरकारी मालाले हात लावायचा तर लेखी परवानगी लागते. अर्ज दिला आहे. वहिनी, सरकारचं आणि तुमचं एका शाळेत शिक्षण झालं असावं.

पाळण्याची मंडळी बरी आहे. शेषराव रोज वावरात येतात, इंजिनाजवळ बसतात, घरी जातात. यंदा बहिरमला परतवाड्याच्या एकाचा छोटा पाळणा लागला होता. ते दोन दिवस जाऊन पाहून आले. मग म्हणाले, त्याचा आस हलते.

चहाबद्दल. इंजिनाचा पट्टा तुटला होता. चहा पट्टा तुटायच्या आधीपासून हातात होता. सांडला असता तर पट्टा जुळला असता का?

आता खरं लिहितो. तहसिलातला बाबू जाता जाता म्हणाला की दिवाळीनंतर लिलाव होईल. मी विचारलं, कोण घेईल? म्हणे, पाळणा म्हणून कोणी घेत नाही, लोखंड म्हणून घेतात. कापून नेतात. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं.

मेलेली कंपनी उठते का, हे पौर्णिमाला विचारावं. मी पहिल्यांदाच विनंती आधी लिहायला हवी होती.

लोभाची सभा लवकर लावावी.

खुशाल


अकोला, २ मार्च २०२५

श्री. खुशालभाऊजींस, आशीर्वाद. या वेळी मोजले नाहीत.

उठते. पौर्णिमा म्हणते, कंपनीचा कोणीही सभासद वीस वर्षांच्या आत मुंबईच्या न्यायाधिकरणात जाऊन सांगू शकतो की नाव काढलं ते बरोबर झालं नाही, पुन्हा घाला. कंपनीची मालमत्ता शिल्लक असेल तर ते कारण चालतं. आपली मालमत्ता तुमच्या वावरात आडवी पडली आहे. म्हणजे कारण आहे.

पण ते विचारणार की मालमत्ता होती तर शपथेवर नाही म्हणून का लिहिलं. तेव्हा पौर्णिमानं मला समोर बसवलं. मायलेकीसारखं नाही, वकिलासारखं. म्हणाली, आई, खरं सांग, सी. ए.ला काहीही नाही असं का सांगितलंस?

मी खरं सांगितलं. मला वाटलं पाळणा तुमचा. भांडण झालं म्हणून मी तो मागणार होते का? तुमच्या हातचा आहे. मी अकोल्यात पाळणा घेऊन काय करू, गॅलरीत उभा करू? वाटणीचा शब्द काढला असता तर तुम्ही अर्धा माझ्यापुढं ठेवला असता. म्हणून बोललेच नाही. नाही म्हटलं की तो आपोआप तुमच्याकडे राहील, असा माझा हिशोब.

मग तिनं तुम्हाला फोन लावला. मी दारात उभी होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही तिला म्हणालात, पाळणा तर वहिनीचा, दादाचा अर्धा तिचा आणि माझा अर्धाही तिलेच द्यायचा होता, ती मागेल तोवर मी चालवून राहिलो, म्हणून मी साहेबाले सांगितलं की काही नाही.

पौर्णिमानं फोन ठेवला. खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, तुम्ही दोघांनी तो एकमेकांना देऊन टाकला आणि मधल्या मध्ये सरकारनं उचलला.

मी स्वयंपाकघरात गेले. डाळ लागली होती.

आता अडचण ऐका. अशी कंपनी एकट्यावर चालत नाही. दोन सभासद लागतात, दोन संचालक लागतात. ती उठली तर मलाही उठावं लागेल. प्रतिज्ञापत्र माझंही हवं. तुमच्यापासून सुटका व्हावी म्हणून मी ती बंद केली, आणि तिला उठवायचं तर पुन्हा तुमच्याच शेजारी बसायचं. मी अजून हो म्हटलेलं नाही.

हो म्हटलं तर एक अट राहील. संचालकाला वर अडकवून खाली कोणी काही पिणार नाही. पाणीसुद्धा.

लोभाचं काय ते वरती आलंच आहे. पुन्हा लिहीत नाही.

कौशल्या


अमरावती, ११ मार्च २०२५

तीर्थरूप वहिनींस, उभ्यानं, बसून आणि आडवं पडून नमस्कार.

अट मान्य. पाणी मान्य. श्वास घ्यायची मुभा असावी.

तुम्ही हो म्हटलेलं नाही हे मी तीनदा वाचलं. शेषरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, यात 'नाही' असं कुठं आहे? आम्ही दोघांनी शोधलं. सापडलं नाही. म्हणून मी पौर्णिमाला माझ्याकडचे कागद पाठवून दिले. ती म्हणाली, काका, आईची सही? मी म्हटलं, येते. आली नाही तर हे पत्र फाडावं.

माणसांना बातमी सांगितली. सगळे नाचले. मग एक जण गंभीर झाला. म्हणाला, कंपनी उठली तर तेराव्याचं जेवण परत करावं लागेल का? दुसरा म्हणाला, रोडगे कसे परत करणार? आठवडाभर हाच वाद चालू आहे. काम कोणाला नाही, पण रिकामं कोणी नाही.

ग्रीसची परवानगी आली. फक्त ग्रीस, रंग नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. मी ग्रीस लावलं. एवढं ग्रीस त्या पाळण्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

दादा असते तर हसले असते. ते तुमच्यासारखे हसायचे, आवाज न करता. तेवढंच.

आपला, आणि कायद्यानं अजून कोणाचाच नाही असा,
खुशाल


अकोला, १० ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप काका, सा. न.

आई लिहिणार होती. पण ती कालपासून आठवून आठवून हसते आहे आणि पेन धरता येत नाही, म्हणून मी लिहिते.

कालच्या न्यायाधिकरणाच्या ऑनलाइन सुनावणीत तुम्ही कोट घालून आलात ते उत्तम. कोटाखाली लुंगी होती हे तुम्ही उठेपर्यंत कोणाला कळलं नव्हतं. मी मुंबईला, तुम्ही वावरात, आई अकोल्यात, आणि पडद्यावर तिघं एका ओळीत. आईनं तुम्हाला पावणेदोन वर्षांनी पाहिलं. कामकाज सुरू व्हायच्या आधी तिनं मला वेगळा मेसेज टाकला की भाऊजी वाळले. मी कागद लावत होते. मग दुसरा आला की विचार ना.

रजिस्ट्रारच्या वकिलांनी कडक विरोध केला नाही. राहिलेली विवरणपत्रं भरा आणि खर्च द्या, एवढंच. खोट्या शपथेबद्दल मात्र बोलणी बसली. मी तुमच्या दोघांच्या सह्यांच्या प्रतिज्ञापत्रांतली कारणं वाचून दाखवली. पीठावरच्या सदस्यांनी चष्मा काढला आणि विचारलं की हे खरं आहे का. आई म्हणाली, हो. तुम्ही म्हणालात, त्यायचं खरं हाय, माह्यं जास्त खरं हाय. सदस्यांनी चष्मा परत लावला.

मग त्यांनी विचारलं, मालमत्ता आज अस्तित्वात आहे का? तिथं तुम्ही फोन उचलून वावरभर फिरवला. आस दिसला, डबे दिसले, शेषरावांनी नमस्कार केला. मग म्हैस आली आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हटेना. सदस्य म्हणाले, ही कंपनीची आहे का? इतक्या वर्षांच्या कामात मला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता. मी उभं राहून सांगितलं की नाही, म्हैस कंपनीच्या मालमत्तेत धरलेली नाही.

आता हसणं बाजूला ठेवून ऐका. निकाल राखून ठेवला आहे. लिलावाची नोटीस तुम्ही पाठवली ती पाहिली, नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. मी तहसिलात अर्ज दिला आहे की निकालापर्यंत थांबा. त्यांनी घेतला, थांबतो असं म्हटलं नाही. निकाल लिलावानंतर आला तर कंपनी जिवंत होईल, पण पाळणा भट्टीत गेलेला असेल. तेव्हा तिच्याकडे खरंच काहीही नसेल. आईला मी हे सांगितलेलं नाही. तिला कळलेलं आहे.

लुंगीबद्दल वाईट वाटून घेऊ नये. कृपा राहू द्यावी.

पौर्णिमा


अकोला, १५ नोव्हेंबर २०२५

श्री. खुशालभाऊजींस, आशीर्वाद, सगळे.

आदेश आला. पौर्णिमानं तो फोनवर पाहिला आणि जेवता जेवता उष्ट्या हातानं माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं, गेलं. मग तिनं वाचलं. कंपनीचं नाव रजिस्टरात पुन्हा घालावं, आणि ते कधी काढलंच नव्हतं असं समजावं.

हे वाक्य नीट वाचा. उठली असं नाही, कधी गेलीच नव्हती असं. पाळणा कधी सरकारचा झालाच नव्हता. पौर्णिमा काल आदेशाची प्रत घेऊन तुमच्या तहसिलात जाऊन आली. लिलाव रद्द. सुपूर्दनामा परत करून सही घ्यावी. मंडपवाल्याला नोटीस आजच लिहिते, लाल डबा मी विसरले नाही.

पण याचा दुसरा अर्थ मला काल रात्री अंथरुणावर कळला आणि मी उठून बसले. कंपनी होतीच, तर मीही संचालक होतेच. म्हणजे पावणेदोन वर्षं तुम्ही मला एकाही सभेला बोलावलं नाही. आपण भांडलो ते कायद्यानं घडलं, वेगळे झालो ते घडलं नाही. इतका सोयीचा कायदा मी पाहिला नाही.

तरी ही लेखी सूचना. संचालक मंडळाची सभा १९ डिसेंबरला दुपारी बहिरमच्या मैदानावर, तिकिटाच्या खोलीत. विषय पाळणा. दोघंही हजर असल्याशिवाय सभा होत नाही, म्हणून ताप आणू नये.

फोनचा नंबर अजून उघडलेला नाही. पत्रं बरी वाटतात.

लोभाचा विषय मंजूर. विरोधात कोणी नव्हतं.

कौशल्या


बहिरम, १९ डिसेंबर २०२५

चि. पौर्णिमास, काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझं मुंबईचं काम निघालं म्हणून आली नाहीस. तुला सगळं कळायला हवं, म्हणून लिहितो. तुझी आई लिहील ते वेगळं असेल. दोन्ही वाचून मधलं धरावं.

ती परतवाड्याहून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून आली. मागं अकरा माणसं आणि दोन बोकड. उतरली, माझ्याकडं पाहिलं, म्हणाली, वाळले. मग पाळण्याकडं पाहिलं. रंग नवा आहे, हिरवा. पाळण्याला एक पूर्ण चक्कर मारली, प्रत्येक खांबाला हात लावला आणि मला विचारलं, हिरवा काहून? मी म्हटलं, दादाला आवडायचा. ती म्हणाली, त्यांना निळा आवडायचा. आम्ही तिथंच भांडलो, चांगलं खणखणीत, सगळ्या माणसांसमोर. शेषरावांनी डोळे पुसले. म्हणाले, आता कंपनी सुरू झाल्यासारखं वाटून राहिलं.

सभा झाली. दोघं हजर. चहाबंदीचा ठराव तिनं मांडला, मी अनुमोदन दिलं. रंगाचा ठराव एकास एक असा अडकला, म्हणून रंग आहे तोच राहिला. मग माणसांनी तेराव्याचा प्रश्न सभेपुढं आणला. कंपनी मेलीच नव्हती, तर आम्ही जेवलो ते काय? तुझ्या आईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, ते नुसतं जेवण. विषय तिथंच निकाली निघाला.

संध्याकाळी ती म्हणाली, मी खिडकीत बसून तिकिटं फाडीन. वर बसायचं पुढच्या वर्षी पाहू. मी हो म्हटलं. जास्त बोललो असतो तर तिनं ते लेखी मागितलं असतं.

एक गोष्ट तिच्याशी बोललो नाही, तुला लिहितो. एक यात्रा गेली, पाळणा वर्षभर आडवा होता. आस आम्ही चढवला, डबे लावले, पण अजून फिरवला नाही. इंजिनिअर उद्या सकाळी येणार. ग्रीस किती लावलं तरी लोखंड आतून काय म्हणतं ते फिरल्याशिवाय कळत नाही. त्यानं नाही म्हटलं तर कंपनी आहे, मालक आहे, कागद आहेत, आणि फिरायला काही नाही. शेषराव इंजिनाजवळच झोपले आहेत. तुझी आई धर्मशाळेत. झोपली नसेल.

पत्र सकाळी टाकतो.

तुझा काका,
खुशाल

ता. क. २० तारीख. इंजिनिअर आठला आले. माणसांच्या जागी वाळूची पोती ठेवून पाळणा फिरवतात, तसा फिरवला. आधी कुरकुरला, मग नाही. त्यांनी खाली वाकून बराच वेळ ऐकलं, मालक म्हणून कंपनीचं नाव लिहिलं आणि सही केली. पोती उतरवायला अर्धा तास लागला. मग तुझ्या आईनं तिकिटाची खिडकी उघडली.